वर्गात दिव्यांग मूल आलंय, आता काय करायचं? जूनपासून एप्रिलपर्यंतचं समावेशित शिक्षण, झेडपीच्या प्राथमिक शाळेसाठी

दर जूनला शिक्षकांच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच, की माझ्या वर्गात ऐकू न येणारं मूल आलंय किंवा सीपीचं (सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या दोषामुळे हालचालीवर नीट ताबा नसलेलं) मूल आलंय, सुरुवात कुठून करू? ट्रेनिंग झालेलं असतं, मॉड्यूल कपाटात असतं, पण परिपाठ संपल्यावर पहिल्या तासाला त्या मुलाच्या हातात नेमकं काय द्यायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. हा लेख पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांसाठी आहे, त्यातही द्विशिक्षकी शाळा, दोन-तीन वर्ग एकत्र आणि विशेष शिक्षक (दिव्यांग मुलांना शिकवायचं खास प्रशिक्षण घेतलेले) अधूनमधून येणार अशी जिथे परिस्थिती आहे तिथल्या सर आणि मॅडमसाठी.

माझं म्हणणं एवढंच आहे की समावेशित शिक्षण, म्हणजे सगळ्या प्रकारच्या मुलांनी एकाच वर्गात एकत्र शिकणं, हे वर्गशिक्षकाचं काम आहे, विशेष शिक्षक त्यात मदतीला असतो. आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला पाहिजे, त्यातले विशेष शिक्षकाच्या वाट्याला येणारे तास बोटावर मोजण्याइतके. बाकी सगळा वेळ मूल आपल्यासमोर बसलेलं असतं. त्यामुळे "विशेष शिक्षक आले की बघू" म्हणत थांबलो तर मुलाचं वर्ष जातं, आणि प्राथमिकचं एक वर्ष गेलं की ते पुढे भरून काढणं फार अवघड जातं.

कायदा थोडक्यात, कारण प्रवेशालाच अडतं

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं वंचित घटकात आली. मग दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आला, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत (१९९५ च्या जुन्या कायद्यात ७ होते) आणि कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. निवड त्यांची आहे, आपली नाही. तीव्र आणि बहुदिव्यांग मुलांसाठी घरी शिक्षण घेण्याचा पर्याय आहे तोसुद्धा मुलाचा आणि पालकांचा पर्याय आहे, "याला घरीच ठेवा, आम्ही नाव लावून घेतो" असं शाळेने सांगायची ती सोय नाही. आणि प्रवेश द्यायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. ते पुढे भत्ते, साहित्य आणि सवलतींसाठी लागतं. मूल दारात आलं की आधी नाव दाखल करायचं, कागद नंतर.

जून-जुलै: आधी नुसतं बघा

पहिले तीन-चार आठवडे निदान करायच्या मागे लागू नका. एक साधी दोनशे पानी वही घ्या, ज्या मुलाबद्दल शंका आहे त्याच्यासाठी चार पानं ठेवा आणि रोज दोन ओळी लिहा, काय घडलं तेवढंच. "लक्ष देत नाही" असं लिहिलं तर त्याचा पुढे कोणालाच उपयोग होत नाही. "फळ्यावरचं लिहायला सांगितलं तर शेजारच्याच्या वहीत बघून लिहितो, पुस्तकातलं मात्र स्वतः लिहितो" असं लिहिलं की त्यातनं लगेच कळतं की याला लांबचं दिसत नसावं.

बघायच्या गोष्टी साध्या असतात. पुस्तक नाकाजवळ नेतो का, मान तिरकी करून बघतो का, उन्हातून वर्गात आल्यावर चाचपडतो का. हाक मारल्यावर वळतो की तुम्ही समोर आल्यावरच उत्तर देतो, विचारलं एक आणि सांगतो दुसरंच असं होतं का, कान वाहतो का (पावसाळ्यात कान फुटलेली मुलं खूप असतात आणि तिकडे फारसं कोणी बघत नाही). तोंडी सगळं येतं पण लिहायला घेतलं की अक्षरं उलटी, मात्रा गायब, १२ चे २१ होतात का. जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी चढतो का, दोन वर्षांपूर्वी पळायचा आणि आता पडतो असं आहे का? हे शेवटचं दिसलं तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे पाठवा.

एनसीईआरटीचं 'प्रशस्त' नावाचं ॲप आहे, त्यात वर्गशिक्षकासाठी पहिल्या टप्प्याची यादी आहे आणि पुढचा टप्पा विशेष शिक्षकांचा. ते भराच, पण वहीतल्या नोंदी समोर ठेवून भरा. ॲपमध्ये आलेलं उत्तर म्हणजे निदान नव्हे, ती फक्त शंका असते आणि निदान करायचा अधिकार डॉक्टरांचा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी फार घाई असते, सगळ्या मुलांचं वजन-उंची करता करता दुपार होते, म्हणून आधीच पाच-सहा मुलांची नावं आणि वहीतल्या दोन-दोन ओळी एका कागदावर लिहून तो पथकातल्या डॉक्टरांच्या हातात द्या आणि सांगा की ही मुलं नीट बघा. पुढे रेफर झालेल्या मुलांचा पाठपुरावा मात्र आपल्यालाच करावा लागतो, चिठ्ठी दप्तरात राहते आणि पालकांपर्यंत जातच नाही हे सर्रास होतं. कित्येकदा सगळी तपासणी होऊन निघतं काय तर चष्म्याचा नंबर, आणि चष्मा लागल्यावर तेच मूल दोन महिन्यांत वाचायला लागतं.

घरी जाऊन या

पालकांना शाळेत बोलावलं की ते हात जोडून उभे राहतात आणि "काय चुकलं का सर" म्हणतात. घरी गेलं की वेगळंच चित्र दिसतं. एका मुलाच्या घरी गेलो होतो, तिसरीतला मुलगा, वर्गात वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं, बौद्धिक अक्षमता असल्याचं सिव्हिलमधून आलेलं. आई म्हणाली, "सर, त्याला लिवायला काय येत नाय वो, पण सांच्याला शेरडं बरोब्बर मोजून आत घेतोय, एक जरी कमी आसलं तरी दारात हुबा ऱ्हातोय." हे मला वर्गात कधीच कळलं नसतं. मूल मोजत होतं, एकास एक जोडी लावत होतं, फक्त पुस्तकातल्या चिन्हांशी त्याचा संबंध लागलेला नव्हता. गणिताची सुरुवात तिथूनच केली.

तर घरी गेल्यावर त्याला काय येत नाही हे विचारू नका, ते आईने शंभर लोकांना सांगून झालेलं असतं. घरात कुठली कामं करतो, काय आवडतं, कशाची भीती वाटते, संडासला स्वतः जातो का, औषध कुठलं चालू आहे आणि कधी देता, फिट येते का, एवढं विचारा. मोठी बहीण किंवा आजी असेल तर तिच्याशी पण बोला, कारण मुलाला खरं तीच सांभाळत असते.

कागदपत्रं

यूडीआयडी कार्डचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाईन भरायचा असतो, मोबाईलवरून भरता येतो, आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. नंतर तपासणी सरकारी दवाखान्यात, बहुतेक करून जिल्ह्याच्या सिव्हिलला. पालक मजुरीवर असतील तर एका दिवसाचा रोज बुडतो आणि वर एसटीचं भाडं, त्यामुळे जायच्या आधी त्या प्रकारची तपासणी कुठल्या वारी असते ते फोन करून खात्री करा. हेलपाटा झाला की बरेच पालक दुसऱ्यांदा जात नाहीत.

एक गोष्ट शिक्षकांना बऱ्याचदा माहीत नसते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे आपण एलडी म्हणतो त्याचं, प्रमाणपत्र मूल ८ वर्षांचं झाल्याशिवाय देत नाहीत. पहिली-दुसरीतल्या मुलाला एलडी आहे असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, त्या वयात बरीच मुलं अक्षरं उलटी काढतात. पण प्रमाणपत्र नाही म्हणून मदत थांबवायची असंही नाही, मदतीला सही-शिक्का लागत नाही.

यू-डायसमध्ये (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी ऑनलाईन नोंद) त्या मुलाची दिव्यांग म्हणून आणि योग्य प्रकारात नोंद झाली आहे का हे स्वतः बघा. तिथे नोंद नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून काहीच येत नाही. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, अंध मुलांसाठी वाचक भत्ता आणि दिव्यांग मुलींसाठी प्रोत्साहन भत्ता (महिन्याला २०० रुपये, १० महिने) यांची यादी गटसाधन केंद्रातून (शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातून) मागवली जाते तेव्हा बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे नाहीतर पैसे परत जातात. साहित्यासाठी अलिम्कोची (दिव्यांगांचं साहित्य बनवणारी सरकारी कंपनी) मोजमाप शिबिरं तालुक्याला होतात, मोजमाप आणि वाटप यात बरेच महिने जाऊ शकतात आणि तेवढ्यात मूल वाढतं. आलेलं कॅलिपर (पायाला आधार द्यायचा सांगाडा) किंवा व्हीलचेअर बसत नसेल तर घरी माळ्यावर टाकू देऊ नका, समावेशित शिक्षण तज्ज्ञांना लगेच कळवा.

खोली आणि बसायची जागा

रॅम्प बहुतेक शाळांना आहे पण तो चढता येतो का हा प्रश्न आहे. हिशोब सोपा आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोत्याची उंची दोन फूट असेल तर चोवीस फुटांचा रॅम्प लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी आठ-दहा फुटांतच उरकलेला असतो, त्यावरून व्हीलचेअर ढकलताना मोठा माणूससुद्धा दमतो. कठडा पाहिजे, वर वळायला सपाट जागा पाहिजे आणि खाली सायकली लावलेल्या नकोत. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, हे सरपंच आणि ग्रामसेवकांना शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव देऊन आठवण करून द्या, रॅम्प दुरुस्ती आणि कमोड त्यातून होऊ शकतं का ते विचारा. समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यात दिव्यांग मुलाची आई असेल तर हा विषय बैठकीत मागे पडत नाही.

संडासाचं तर मी सगळ्यात आधी बघा म्हणेन. व्हीलचेअर आत जाईल एवढं रुंद दार, धरायला दांडा, कडी खाली. सोय नसेल तर मूल दिवसभर पाणी पीत नाही, आणि मुली तर चौथी-पाचवीनंतर यायच्याच बंद होतात. त्याला "शाळेची आवड नाही" असं नाव दिलं जातं.

वर्गात बसवताना: कमी दिसणाऱ्याला पुढे, पण खिडकीचा उजेड त्याच्या पाठीमागून किंवा बाजूने यायला हवा, समोरून आला तर फळा चमकतो. फळा वर्षातून एकदा काळा करून घ्या. कमी ऐकू येणाऱ्याला अगदी पहिल्या रांगेत नको, दुसऱ्या रांगेत कडेला बसवा म्हणजे मागे वळून बाकीच्या मुलांची तोंडं पण दिसतात. आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, ही सवय मोडायला वेळ लागतो पण मोडते. पत्र्याची खोली असेल तर पाऊस सुरू झाला की श्रवणयंत्रात नुसता आवाज जमा होतो, त्या वेळी चित्रं, लेखन, गटकाम घ्या. सीपीच्या मुलाचे पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत, पायाखाली लाकडी पाट किंवा दोन विटांवर फळी ठेवली तरी कंबर सरळ राहते आणि हात लिहायला मोकळे होतात.

श्रवणयंत्राबद्दल थोडं सांगतो कारण ते शाळेत रोज हाताळावं लागतं. त्याच्या बटन सेलवर एक स्टिकर असतो, तो काढला की सेल वापरला नाही तरी संपत जातो, त्यामुळे सगळे स्टिकर आधीच काढून ठेवू नका. रात्री सेलचं दार उघडं ठेवून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायला घरी सांगा, नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या डबीत टाका. यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुतेक कानातला साचा सैल झालेला असतो, मूल वाढतं तसा साचा बदलावा लागतो. सकाळी परिपाठाच्या आधी यंत्र चालू आहे का हे बघायचं काम कोणातरी एकाचं ठरवून टाका.

पाठ कसा बदलायचा

खरी अडचण इथे येते. मूल वर्गात बसतं, सगळे गणित करत असतात आणि त्याला चित्र रंगवायला दिलेलं असतं. रोज चित्र. मला हे फार लागतं, कारण त्या मुलाला कळत असतं की आपण यांच्यातले नाही.

नियम एकच पाळा: धडा सगळ्यांना तोच, त्यातलं काम ज्याच्या त्याच्या पातळीचं. तिसरीची हातच्याची वजाबाकी घ्या, ५२ मधून २७. वर्गात समजा तीन मुलं आहेत, एकीला कमी दिसतं, एकाला बौद्धिक अक्षमता आहे (तो शेरडं मोजणारा) आणि एक आकडे उलटे लिहिणारा.

सगळ्या वर्गाचे पाच-पाचचे गट करा, प्रत्येक गटाला तुरीच्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या आणि रबर द्या. आधी दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडायच्या. आता गोष्ट सांगा, दुकानदार म्हणतो २७ काड्या दे, सुट्या तर दोनच आहेत, सात कुठून देणार? मुलं आपणहून म्हणतात गठ्ठा सोडा. गठ्ठा सोडायचं काम शेरडं मोजणाऱ्या मुलाचं. तो रबर काढतो, दहा काड्या एकेक करून मोठ्याने मोजतो आणि सुट्यात टाकतो. गट त्याच्यासाठी थांबतो, कारण त्याने मोजल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मग सुट्या झाल्या बारा, त्यातल्या सात दिल्या, उरल्या पाच, चार गठ्ठ्यांतले दोन दिले, उरले दोन. पंचवीस. त्या दिवशी त्या मुलाचं उद्दिष्ट हातचा शिकणं नव्हतं, दहापर्यंत वस्तू न चुकता मोजणं आणि बारातून सात काढून किती उरले ते सांगणं एवढं होतं आणि ते त्याच पाठात, त्याच गटात झालं.

कमी दिसणाऱ्या मुलीला फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नका. तिला जाड काळ्या स्केचपेनने मोठे आकडे लिहिलेला कागद आधीच द्या, आणि तुम्ही फळ्यावर जे लिहाल ते लिहिता लिहिता मोठ्याने बोला, "दशकाच्या घरात पाच होते, त्यातला एक खोडला, चार लिहिले." नुसतं "हे इथे, ते तिथे" म्हटलं तर तिला काहीच कळत नाही. आकडे उलटे लिहिणाऱ्याला चौकटीची वही द्या, दशकाच्या रकान्याला लाल आणि एककाच्या रकान्याला निळी रेघ मारा, आणि दहाऐवजी चारच उदाहरणं द्या. चार बरोबर आली की त्याला जमलं, उरलेली सहा केल्याने काही वाढत नाही.

या तिघांसाठी जे केलं त्याचा फायदा बाकीच्या वर्गाला पण होतो, कारण हातचा निम्म्या वर्गाला पाठ झालेला असतो आणि समजलेला नसतो. लेसन प्लॅन तीन लिहायची गरज नाही, एकाच टाचणाच्या समासात त्या-त्या मुलाचं आद्याक्षर आणि पुढे एक ओळ, बस. आणि सगळे विषय एकदम बदलायला जाऊ नका, पहिल्या महिन्यात रोजचा एक तास ठरवा, तो जमला की दुसरा.

मराठीच्या तासाला ऐकू न येणाऱ्या मुलासाठी धड्यातली चार-पाच चित्रं आणि अभिनय, नवीन शब्दाची पट्टी, आणि गोष्ट सांगताना वस्तू हातात. सांकेतिक भाषेतले रोजचे वीस-पंचवीस शब्द सगळ्या वर्गाला शिकवा, मुलं आपल्यापेक्षा भराभर शिकतात. पूर्ण अंध मूल असेल तर ब्रेल पाटी, टेलर फ्रेम (अंध मुलांची गणिताची पाटी) आणि अबॅकससाठी विशेष शिक्षकच लागतात, पण नकाशा आणि आकृत्या फेविकॉलने सुतळी चिकटवून आपण करू शकतो.

समावेशन म्हणजे फक्त दिव्यांग मुलं नव्हेत हेही इथेच सांगतो. मेळघाटात कोरकू बोलणारं, नंदुरबारकडे पावरी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला मास्तर काय बोलतात तेच कळत नाही, आणि ते गप्प बसलं की आपण त्याला मागे पडलेलं ठरवतो. भिंतीवर चित्राखाली त्याच्या भाषेतला आणि मराठीतला असे दोन्ही शब्द लावा, त्याच्या भाषेतला शब्द त्यालाच विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली मुलं दिवाळीनंतर गायब होतात, त्यांना जाताना शिक्षण हमी कार्ड द्या आणि परत आल्यावर काय राहिलं ते कार्डवरून बघा, थेट चालू धड्यावर बसवू नका.

सोबती

प्रत्येक दिव्यांग मुलाला वर्गात एक सोबती द्या पण दर आठवड्याला बदला. वर्गातली हुशार, शहाणी मुलगीच कायम सोबती केली की ती आई होऊन बसते, त्याचं दप्तर भरते, त्याच्या वहीत लिहिते, आणि तिचा अभ्यास राहतो ते वेगळंच. मुलांना दोनच गोष्टी सांगा: आधी विचारायचं "मदत करू का?", आणि त्याला जे येतं ते त्यालाच करू द्यायचं. सोबती फिरता ठेवला की वर्षअखेर अख्ख्या वर्गाला त्या मुलाशी कसं बोलायचं ते आलेलं असतं.

वर्गात लंगडा, बहिरा, येडा ही नावं पडतात, बहुतेक वेळा घरातून आणि गावातून आलेली असतात. ऐकलं की तिथल्या तिथे थांबवा आणि नावाने हाक मारायला लावा, त्यावर भाषण नको. गुरुजी स्वतः नावाने हाक मारतात की नाही याकडे मुलांचं बारीक लक्ष असतं.

जागेवर न बसणारं मूल, किंचाळणारं मूल

एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असो किंवा स्वमग्नता (ऑटिझम), दिवसाचं वेळापत्रक चित्रात दाखवणं दोघांनाही उपयोगी पडतं. पुठ्ठ्यावर परिपाठ, वाचन, गणित, खिचडी, खेळ, घर अशी चित्रं लावा, झालेलं चित्र मुलानेच उलटं करायचं. बदल व्हायच्या पाच मिनिटं आधी सांगा. घंटेचा दणका सहन न होणाऱ्या मुलाला घंटेच्या आधी कान झाकायला सांगितलं तरी रोजचं रडणं कमी होतं.

चावलं, मारलं, पळालं तर वहीत तीन गोष्टी लिहा, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. दोन आठवड्यांनी वाचलं की दिसतं, लिखाणाचं काम आलं की बाहेर पळतो आणि बाहेर पळाला की काम टळतं. मग लिखाणच दोन ओळींचं करायचं आणि दोन ओळी झाल्या की पाणी आणायला पाठवायचं. हालचाल त्याला लागतेच, ती कामातून द्या. मारायचं, कोंडायचं, सगळ्यांसमोर अपमान करायचा, हे आरटीईच्या कलम १७ ने बंद आहे.

फिट आली तर

हे ऑफिसात भिंतीवर लावा. मुलाला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूच्या वस्तू बाजूला, गळ्याजवळचं बटन सैल. घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही, हात-पाय दाबून धरायचे नाहीत, कांदा आणि चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांच्या वर चालली किंवा शुद्धीवर यायच्या आधी दुसरी आली तर १०८ ला फोन. बाकी मुलांना खिडकीतून गर्दी करू देऊ नका आणि मूल जागं झाल्यावर कपडे ओले झाले असतील तर आधी तिकडे बघा. शाळेत एक जादा गणवेश ठेवा.

आराखडा आणि मूल्यमापन

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा विशेष शिक्षकांबरोबर बसून करायचा असतो. सत्राला तीन उद्दिष्टं खूप झाली. "भाषा सुधारणे" हे उद्दिष्ट नव्हे, "दिवाळीपर्यंत स्वतःचं, आईचं आणि गावाचं नाव वाचेल" हे उद्दिष्ट, कारण दिवाळीला ते झालं की नाही हे कोणालाही सांगता येतं. तिन्हीतलं एक तरी रोजच्या जगण्यातलं असू दे, डबा उघडणं, चप्पल घालणं, दहा-वीसची नोट ओळखणं.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आहे आणि त्यातली आकारिक (वर्षभर चालता चालता करायच्या मूल्यमापनाची) साधनं या मुलांसाठी फार कामाची आहेत: निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. लिहिता येत नाही त्याचं तोंडीकाम घ्या, बोलता येत नाही त्याचं प्रात्यक्षिक घ्या. संकलितला (सत्राच्या शेवटच्या परीक्षेला) जादा वेळ, लेखनिक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, प्रश्न वाचून दाखवणं, ज्याला जी सवलत लागू आहे ती द्या, आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा नको, आधी सरावाला द्या म्हणजे लेखनिकाला सांगायची सवय होते. वर्णनात्मक नोंदीत "प्रगती समाधानकारक" लिहून सोडू नका, वहीतलं एक उदाहरण लिहा.

खिचडी, मैदान, गॅदरिंग

पोषण आहाराला सगळे एका पंगतीत. ज्याला हाताने नीट खाता येत नाही त्याला जाड मुठीचा चमचा द्या, साध्या चमच्याला कापडाची पट्टी गुंडाळली तरी चालतो. मैदानात त्याला गुण लिहायला बसवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. चिंध्यांच्या चेंडूत घुंगरू शिवा, खो देताना पाठीवर थाप, लंगडीच्या वेळी व्हीलचेअरवाल्यासाठी रिंगण लहान, नियम मुलांनाच ठरवायला सांगा, ती बरोबर ठरवतात. गॅदरिंगला नाच बसवताना मधली जागा द्या, कोपऱ्यातली नको.

मार्च-एप्रिल: पुढच्या वर्गाकडे सोपवताना

वर्षभर जमवलेलं सगळं शिक्षक बदलला की शून्यावर येतं, बदल्यांच्या वर्षी तर हमखास. म्हणून एप्रिलमध्ये प्रत्येक मुलाचं एक पान लिहा: कुठे बसवायचं, कसं सांगितलं की कळतं, कशाने बिथरतं, काय आवडतं, औषध, साहित्य कधीचं आहे, आईचा नंबर. निरीक्षणाची वही आणि आराखडा त्याला जोडा आणि नवीन सरांच्या हातात द्या, समोर बसून अर्धा तास बोला.

पाचवी करून दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार असेल तर सुट्टी लागायच्या आधी मुलाला आणि आईला घेऊन ती शाळा बघून या. फाटकापासून वर्गापर्यंत किती पायऱ्या आहेत, संडास कुठला वापरता येईल, एसटी कुठे थांबते, शाळेत सोडायला रोज कोण जाणार आणि नाही जमलं तर काय, हे तिथल्या मुख्याध्यापकांसमोरच बोलून घ्या आणि प्रवास भत्त्याच्या यादीत नाव नवीन शाळेतून जाईल हे यू-डायसला नाव ट्रान्सफर करतानाच बघा. जूनमध्ये पहिल्या आठवड्यात एकदा फोन करून मूल हजर आहे का विचारा, नसेल तर त्याच दिवशी घरी जा.